फलक, रविवार आणि भरती

लोकांच्या प्रश्नाचा अभ्यास कसा आखावा : लेखांक ९

या आठवड्यात नमुना निवडीबद्दल लिहिणार होतो. ते पुढच्या खेपेला. गणपतीपुळ्याहून आलेल्या एका पत्राने माझे चार दिवस घेतले आहेत आणि त्यातलं कोडं तुमच्यापुढे ठेवल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

पत्र लिहिणारे गृहस्थ तिथे पर्यटकांना खोल्या देतात. सकाळी चहा पिऊन हसत बाहेर पडलेला मुलगा दुपारी समुद्रातून परत येत नाही, तेव्हा त्याच्या आईला सावरायला खोलीवाल्याच्याच घरातली बाईमाणसं असतात. म्हणून शेजारीपाजारी मिळून धोक्याचा एक मोठा फलक वाळूत उभा करणार आहेत. त्यांचा प्रश्न असा : ‘फलक लावल्यावर यंदा कुणी बुडालं नाही, तर फलकाचा उपयोग झाला असं म्हणायचं का?’

नाही म्हणता येणार. एका किनाऱ्यावर वर्षभरात बुडणाऱ्यांचा आकडा इतका लहान असतो की तो नुसत्या योगायोगानेही खालीवर होतो. शिवाय फलक लावायचं मनात येतं तेच मुळी एखाद्या वाईट वर्षानंतर. वाईट वर्षामागून येणारं वर्ष बहुतेक वेळा बरंच जातं, फलक असो वा नसो.

मुंबईत वडाळा स्थानकाजवळ रूळ ओलांडताना माणसं मरत होती, तिथे २००९-१० च्या सुमारास ‘फायनल माइल’ या संस्थेने केलेला प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी काही स्लीपर पिवळे रंगवले, कारण मोठी वस्तू अंगावर येताना आपल्याला तिचा वेग कमी भासतो. पिवळे पट्टे एकेक करून गाडीखाली दिसेनासे झाले की वेग डोळ्यांत भरतो. एका लांब भोंग्याऐवजी दोन तुटक भोंगे ठेवले. गाडीखाली येणाऱ्या माणसाचा भेदरलेला चेहरा मोठ्या छायाचित्रात लावला. मृत्यू बरेच कमी झाल्याच्या बातम्या आल्या. कल्पना सुरेखच आहे. पण बातम्यांतली तुलना होती ती आधीच्या आणि नंतरच्या महिन्यांची, आणि त्या महिन्यांत आणखी काय काय बदललं असेल हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उरू दिला नाही. नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा त्यांचा प्रयोग ३९ गावांत होता आणि तुलनेला आणखी ४७ गावं होती. १९९३ ते ९५ अशी दोन वर्षं दोन्हीकडे आधी नुसती मोजणी केली. मग काम सुरू झालं. तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी खाली आला होता, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. एखादा हिवाळा कडक गेला असता किंवा पीक चांगलं आलं असतं, तर त्याचा परिणाम ८६ च्या ८६ गावांत दिसला असता.

पुळ्याला मात्र तुलनेचा किनारा कुठून आणायचा? आरे-वारे शेजारीच आहे, पण तिथला उतार वेगळा, गर्दी वेगळी, देऊळ नाही. तेव्हा किनारा तोच ठेवायचा आणि तुलना दिवसांची करायची : काही रविवारी फलक उभा, काही रविवारी आडवा. आणि मोजायचं ते मृत्यू नव्हे, वागणं. दोन खांबांमधल्या पट्ट्यात दर दहा मिनिटांनी एकूण किती माणसं पाण्यात आहेत आणि त्यांतली किती कमरेच्या वर पाण्यात आहेत, एवढंच. मोजणारे दोघे, एकमेकांच्या वहीत न डोकावणारे. मृत्यू मोजायला वर्षं लागतील. हे आकडे एका दुपारी पानभर मिळतात.

मागे एका किनाऱ्यावर मी असा वही घेऊन बसलो होतो. तिथल्या फलकाच्या बुंध्याशी सतरा जोडी चपला होत्या, दोन पिशव्या, एक पाण्याची बाटली. एका काकूंनी नातवाला बजावलं, ‘हरवलास तर ह्या बोर्डापाशी ये हां.’ मग सगळं कुटुंब तिथूनच सरळ पाण्यात उतरलं. वर काय लिहिलंय ते कुणी मान वर करून पाहिलं नाही. धोक्याच्या जागी रोवलेला फलक खूण म्हणून माणसं तिथेच ओढत असेल, हे त्या चपलांआधी माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. म्हणून पत्र लिहिणाऱ्यांना सांगणं असं : तुमचा फलक कुठे रोवणार, तेही मला कळवा.

आता कोडं. पत्रात तुम्ही सोपा बेत कळवलाय : एक रविवार फलक उभा, पुढचा आडवा, असं आलटून पालटून. वाचताना ठीकच वाटतं. पण भरतीचा आपल्याकडचा हिशेब आठवा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला सहा वाजता, पुनवेला आणि अवसेला अकरा-बाराच्या सुमाराला. सात दिवसांत भरती साडेपाच-सहा तास पुढे सरकते. म्हणजे या रविवारी भर दुपारी उधाणाची भरती असेल, तर पुढच्या रविवारी भर दुपारी ओहोटी आणि पाणी भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा उधाण. तुमचा फलक रविवारामागून रविवार उधाणाबरोबर उभा राहील आणि भांगाबरोबर आडवा होईल. कितीतरी आठवडे मोजलंत तरी फलकाचं श्रेय कुठलं आणि समुद्राचं कुठलं, ते वेगळं काढता येणार नाही.

संकष्टीचंही तसंच. चतुर्थीची भरती ढोबळपणे तीनची, दर महिन्याला. दर्शन करून दुपारी वाळूत उतरणारी गर्दी चढतं पाणीच बघते, म्हणून संकष्टीची तुलना साध्या रविवाराशी करू नका.

तोडगा असा. चार रविवारांचा एक गट धरा. पहिला आणि तिसरा ही एक जोडी, दुसरा आणि चौथा ही दुसरी; जोडीतल्या दोन्ही रविवारी समुद्र जवळपास सारखाच. प्रत्येक जोडीत फलक कधी उभा करायचा ते चिठ्ठी टाकून ठरवा. ऑक्टोबर ते मे असे सुमारे ३४ रविवार मिळतात, त्यांत आठ गट बसतात. दिवाळीची आणि नाताळची गर्दी जोडीतल्या एकाच रविवारी आली, तर ती जोडी वहीत वेगळी टिपा.

फलक आडवा असेल त्या दिवशी जीवरक्षक, त्यांच्या शिट्ट्या आणि दोऱ्या, सगळं जसंच्या तसं हवं. फलकाचा मजकूर खोली देताना तोंडी सांगत असाल, तर तेही दोन्ही रविवारी सांगायचंच. मोजणारा धोक्यात कुणी दिसल्यावर वही टाकून ओरडेल. त्या दहा मिनिटांचा आकडा गेला तरी चालेल.

आणि चिठ्ठी तुम्ही काढू नका. फलक तुमचा आहे, तो यशस्वी व्हावा असं तुम्हाला मनापासून वाटतं. घरातल्या लहान मुलाकडून शनिवारी रात्री काढून घ्या, आणि निघेल ते त्याच्यादेखत वहीत लिहा. पहिले दोन रविवार फलक आणूच नका, नुसतं मोजा. ती पानं मला पाठवा. नमुना निवड पुढच्या आठवड्यात.