कुरडूनं धरलेला रंग

तेलंगणात फुलं रचून साजऱ्या होणाऱ्या बतुकम्मा सणाच्या दिवसांत हैदराबादच्या जामबागेत गेलात तर फुलांच्या दुकानांपुढे जरा थांबा. झेंडू आणि शेवंती असतेच, पण गुनुगूच्या जुड्या शोधा. गुनुगू म्हणजे आपला रानातला कुरडू! तो तर पांढरट-गुलाबी असतो. मग बतुकम्मात रचलेला कुरडू जांभळा, हिरवा, निळा कसा? त्याला रंगाच्या पाण्यात बुडवून काढतात म्हणून.

पण पाणी निथळून गेलं तरी रंग फुलावरच का राहिला?

फूल, पान, लाकडाचा भुसा, उसाचं चिपाड, केळीची साल या सगळ्यांत सेल्युलोज असतं, बऱ्याच वस्तूंत लिग्निनही असतं. त्यांच्या पृष्ठभागावर अगणित बारीक खाचा असतात आणि पाण्यात त्यावर बऱ्याच ठिकाणी ऋण विद्युतभार येतो. मिथिलीन ब्लूसारख्या रंगाच्या कणांवर धन भार असतो. ऋण आणि धन एकमेकांना ओढतात, त्यामुळे कण पृष्ठभागावर जाऊन चिकटतात. याला म्हणतात अधिशोषण.

आता खरी मजा! जी ओढ वस्तू रंगवते, तीच रंगीत पाणी स्वच्छही करू शकते. आपण फेकून देतो ती चिपाडं, साली, भुसा याच कामाला लावता येतात, आणि जगभरच्या प्रयोगशाळांत त्यावर अभ्यास चालू आहे.

याची गरज किती आहे, ते 2017 च्या ऑगस्टमध्ये नवी मुंबईजवळच्या तळोज्यात दिसलं. तिथे चक्क निळे कुत्रे फिरत होते! पंचतंत्रातला निळा कोल्हा आठवला ना? पण ही गोष्ट नव्हती. एका कारखान्यातला रंग त्यांच्या अंगाला लागला होता. असा रंग नदीत गेला तर ऊन खोलवर पोचत नाही आणि पाण्यातल्या वनस्पतींना अन्न बनवणं अवघड होतं.

करून बघायचंय? घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या, हातमोजे घाला. माशांच्या औषधासाठी मिथिलीन ब्लू मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं. बाटलीभर पाण्यात त्याचा एकच थेंब टाका. लाकडाचा भुसा आधी दोन-तीनदा धुवा, नाहीतर त्याचाच तपकिरी रंग उतरतो. मूठभर भुसा बाटलीत घालून हलवा, रात्रभर ठेवा, मग फडक्यातून गाळा. भुसा निळा आणि पाणी फिकट!

मग इचलकरंजीच्या कापड कारखान्यांचं सांडपाणीही असंच भुशानं साफ होईल का? इतकं सोपं नाही. सुती कापडाच्या पुष्कळ रंगांवर ऋण भार असतो. ऋणाला ऋण दूर ढकलतं, आणि साधा भुसा तिथे हरतो. म्हणून भुशावरचा ऋण भार कमी करायला पाणी थोडं आम्लधर्मी करतात, किंवा करवंटीचा सक्रियित कोळसा बनवतात. त्याला इतकी छिद्रं असतात की एका ग्रॅमचा पृष्ठभाग साधारण 1,000 चौरस मीटर भरू शकतो, म्हणजे बास्केटबॉलच्या दोन मैदानांहून जास्त! कोळशाची पूड द्रावणाचा रंग काढते, हे टोबियास लोविट्झ या रसायनशास्त्रज्ञानं रशियात 1785 सालीच पाहिलं होतं.

एक अडचण मात्र उरते, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. रंग नाहीसा झालेला नाही, तो पाण्यातून भुशावर गेलाय. तो भुसा नदीकाठी टाकला तर कालांतरानं रंग पुन्हा पाण्यात. म्हणून भुशावरचा रंग सोडवून घ्यायचे उपायही शास्त्रज्ञ शोधतात. त्यातला एक आम्लाचा. तुमचा निळा भुसा ठेवलाय ना? चमचाभर भुसा साध्या पाण्यात आणि चमचाभर व्हिनेगरमध्ये, म्हणजे सौम्य आम्लात, घालून बघा, आणि कोणतं पाणी जास्त निळं झालं ते वहीत लिहा.