वावडे असलेल्या मुलाची पाण्याची बाटली

खानदेशातल्या घरात शेंगदाण्याला ओसरी नाही, थेट माजघरात जागा आहे. भरतात शेंगदाणे, ठेच्यात शेंगदाणे, भाजीत कूट, उपवासाच्या खिचडीत कूट, आणि मधल्या सुट्टीत पोरांच्या खिशात भाजलेल्या शेंगा. बहुतेकांना तो मानवतो. एखाद्या मुलाला मात्र मानवत नाही, आणि मानवत नाही म्हणजे नुसते पोट दुखते असे नव्हे. ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, कधी श्वासच कोंडतो. आपण याला वावडे म्हणतो, डॉक्टर अ‍ॅलर्जी म्हणतात. हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली योजला. अन्नातल्या एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शरीर शत्रू समजते आणि त्याच्यावर तुटून पडते, असा हा प्रकार आहे. शेंगदाणाच कशाला, दूध, अंडे, गहू, तीळ यांचेही वावडे असू शकते.

अशा मुलाच्या डब्याची काळजी आई घेतेच. पण बाटलीकडे कुणाचे लक्ष नसते. आता तुम्ही म्हणाल, पाण्यात कसले आले शेंगदाणे? पाण्यात नाहीत, ते बाटलीच्या तोंडाशी येतात. शेजारच्या मुलाने चिक्की खाल्ली, तहान लागली, बाटली उचलून तोंडाला लावली. लाळेबरोबर चिक्कीचा अंश तिथे लागला. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, शेंगदाण्याचे लोणी लागलेले हात नुसत्या पाण्याने धुतले तर काही हातांवर त्याचा अंश उरतो. साबणाने धुतल्यावर उरत नाही. २००६ सालच्या दुसऱ्या अभ्यासात लाळ तपासली. तासाभराने बहुतेकांच्या लाळेत अंश सापडला नाही, पण खाल्ल्यावर लगेच चूळ भरून वा दात घासूनही काहींच्या लाळेत तो राहिलाच. पुष्कळांना एवढ्याने काही होत नाही. पण ज्याचे वावडे तीव्र आहे त्याला होऊ शकते.

घरोघरी आणखी एक समजूत आहे. बाटलीत उकळते पाणी ओतले की काम झाले! उकळत्या पाण्याने जंतू मरतात, हे खरे. पण हे प्रथिन म्हणजे जंतू नव्हे, मारायला ते जिवंत नसतेच. शेंगदाणे भाजूनही त्यांचा हा गुण जात नाही. तेव्हा ते मारायचे नाही, धुऊन काढायचे. साबण, ब्रश आणि वाहते पाणी. ब्रशही त्या बाटलीपुरता वेगळा हवा. कुटाची कढई घासलेल्या घासणीनेच बाटली घासली, तर धुणे उलटेच झाले.

एवढे कळले की बाटली कोणती घ्यावी हे दुकानदाराला विचारावे लागत नाही. जुन्या प्रवाशांचा फिरकीचा तांब्या आठवा. रुंद तोंड, आत हात जाई, झाकण फिरवून घट्ट बसे, आणि कोपरे नव्हते. तीच कसोटी आज लावावी. बाटली स्टीलची, गुळगुळीत, रुंद तोंडाची असावी. नळी, चोच, दाबायचे बटण असलेली नको. त्या खाचांत ब्रश पोचत नाही, आणि मुले नेमकी तीच पसंत करतात! झाकणातली रबरी चकती बाहेर काढून धुता आली पाहिजे. चकती चिरली किंवा तिला वास येऊ लागला, तर बदलावी. प्लॅस्टिक स्वस्त व हलके खरे, पण त्यावर ओरखडे पडतात आणि ओरखड्यांत घाण बसते. तांब्याच्या बाटलीची सध्या हौस आहे. तिच्यात लिंबूसरबत वा ताक मात्र भरू नये, आंबटाने तांबे उतरते. आणि ज्या बाटलीत कधी मसाला दूध किंवा लस्सी भरली, ती दुधाचे वावडे असलेल्याला देऊच नये.

जळगावहून एरंडोल, पारोळा करीत धुळ्याला एस.टी.ने निघालात, तर मे महिन्यात दुपारी स्टीलच्या बाटलीतले पाणी चहाएवढे तापते. बाटलीला सुती फडके गुंडाळून ओले ठेवावे. पाणी बरेच गार राहते, आणि फडके ठळक रंगाचे असले तर बाटली लांबून ओळखू येते.

आता शिक्षकांसाठी थोडे. आपल्या गावांत वेगळ्या तांब्याचा इतिहास कडू आहे. पाण्याला हात लावण्याच्या हक्कासाठी १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, हे तुम्ही वर्गात शिकवता. त्याच वर्गात एक मूल म्हणू लागले, की माझ्या बाटलीला तोंड लावू नका, तर इतर मुलांना व त्यांच्या आईबापांना काय वाटेल? म्हणून गुरुजींनी वा बाईंनी पहिल्याच आठवड्यात कारण उघड सांगावे: ह्याला शेंगदाण्याने श्वास लागतो, म्हणून ही बाटली फक्त त्याची. मुलांना हे चटकन समजते, मोठ्यांना जरा वेळ लागतो. याउलट, त्या मुलाला पंगतीतून उठवून कोपऱ्यात बसवणे हा उपाय नव्हे. पंगत तीच ठेवावी, वाढण्याचा डाव तेवढा वेगळा ठेवावा, आणि जेवण झाल्यावर सगळ्यांचेच हात साबणाने धुवावेत. कुणाला त्याची तहान भागवायचीच असेल, तर त्याच्या बाटलीत माठातले पाणी स्वच्छ ओगराळ्याने वरून ओतावे.

बाटलीवर मुलाचे नाव, वावडे कशाचे, आणि पालकांचा फोन पक्क्या शाईने लिहावा. एवढे करूनही कधी आवाज घोगरा झाला, श्वास लागला, मूल मलूल पडले, तर पाणी पाजत बसू नये आणि त्याला चालवूही नये. अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन हे यावरचे पहिले औषध. डॉक्टरांनी ते जवळ ठेवायला दिले असेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्यावे, आणि लगेच १०८ ला फोन करावा. ते कसे द्यायचे हे पालकांनी शाळेतल्या निदान दोघांना आधीच दाखवून ठेवावे. एक गुरुजी रजेवर असतात.