रायपूरची पुरानी बस्ती : पायी पाहायचं शहर

नागपूरहून हावड्याकडे निघालेला मराठी माणूस रायपूर स्टेशनात चहा घेतो आणि पुढे जातो. त्याने इथे एक दिवस उतरावं, असं मला मनापासून वाटतं. दूधाधारी मठापासून जयस्तंभ चौकापर्यंतचं जुनं शहर सकाळी लवकर निघालं तर वाटाड्याशिवाय पायी पाहून होतं, आणि त्यात आपला इतिहास पावलोपावली भेटतो.

सुरुवात मठापासूनच करावी. सतराव्या शतकातला हा मठ. महंत बलभद्रदास नुसत्या दुधावर राहत, त्यावरून त्याला हे नाव पडलं. सिरपूरच्या जुन्या देवळांचे दगड इथे बसवले आहेत, असं सांगतात. बाहेरच्या भिंतींवरच्या मूर्ती घाईने पाहू नयेत. पुढे महामायेचं दर्शन घेऊन कंकाली तलावाकडे वळावं. तिथला मठ वर्षातून एकदाच, दसऱ्याला उघडतो आणि नागा साधूंची जुनी शस्त्रं पाहायला गर्दी लोटते. छत्तीसगढात दसऱ्याला सोनं वाटायची रीत रुजवली ती रघूजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी यांनी. त्यांच्या दरबारात मोडी आणि मराठीही आली. मात्र १७८७ साली ते गेले आणि नागपूरकरांनी नागपुरातच बसून सुभेदारांकरवी हा मुलूख पिळून काढला. तेही आपण विसरता कामा नये. १८१८ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी कारभार रतनपूरहून रायपूरला आणला आणि शहराचं नशीब पालटलं.

बुढा तलावाकाठी विवेकानंदांचा पुतळा आहे. १८७७ मध्ये लहानगा नरेंद्र वडिलांकडे इथे आला आणि सुमारे दोन वर्षं बुढापाऱ्यात राहिला. तेव्हा इथवर रेल्वे नव्हती. प्रवासाचा शेवटचा टप्पा बैलगाडीचा होता.

माझ्या लेखी या वाटेवरचा सर्वांत मोठा थांबा मात्र तलावाजवळचीच माधवराव सप्रे शाळा. जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक निघालं. संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे. तिघेही मराठी! छपाईसाठी रायपूर गाठावं लागे. जेमतेम तीन वर्षं ते चाललं, पण १९०१ मध्ये सप्र्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' त्यातच आली. हिंदीतल्या पहिल्या कथांमध्ये तिची गणना होते. पुढे दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य त्यांनीच हिंदीत नेलं. १९२६ साली रायपुरातच त्यांचं निधन झालं. सहकारी चळवळ उभारणाऱ्या लाख्यांचं नाव लाखेनगरने जपलंय. दुसऱ्या भाषेसाठी एवढं झिजलेल्या या माणसांची आठवण आपण महाराष्ट्रात ठेवली नाही, याची खंत वाटते.

सदर बाजारातल्या सराफी पेढ्यांवरून आणि मालवीय रोडवरच्या १८७७ च्या कैसर-ए-हिंद दरवाजावरून गोलबाजारात यावं. पूजेपासून लग्नापर्यंतचं सगळं सामान इथे मिळतं. पुढे जयस्तंभ चौक. दुष्काळात सावकाराचं कोठार फोडून धान्य वाटणारे सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात फाशी दिलं. ते इथेच, असं मानतात. महिनाभराने, १८ जानेवारीला लष्करातल्या हनुमानसिंहांनी छावणीत बंड केलं. त्यांच्या सतरा साथीदारांना २२ तारखेला फासावर चढवलं गेलं.

इथून पश्चिमेला तात्यापारा आणि त्यापुढे चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ. नागपूरच्या शाळांनी एक सहल रायपूरची काढावी, आणि मंडळाने त्या मुलांच्या हाती या वाटेचा मराठी नकाशा द्यावा.