विजेच्या भाराने पाण्याचे निःक्षारीकरण

मीठ पाण्यात विरघळले की त्यातले धनभारित सोडियम आणि ऋणभारित क्लोराइड हे आयन सुटे होतात. धारित्र-निःक्षारीकरणात याच भाराचा उपयोग करून क्षार बाहेर ओढले जातात.

यंत्रात सच्छिद्र कार्बनचे दोन इलेक्ट्रोड समोरासमोर असतात आणि मधल्या फटीतून पाणी वाहते. वीज जोडल्यावर सोडियम व कॅल्शियम ऋण पृष्ठभागाकडे, तर क्लोराइड व फ्लोराइड धन पृष्ठभागाकडे जातात आणि कार्बनच्या छिद्रांत धरून ठेवले जातात. चांगल्या सक्रिय कार्बनच्या एका ग्रॅममधील छिद्रांचा पृष्ठभाग १,००० चौरस मीटरहून अधिक भरतो. विभवांतर साधारण १.२ व्होल्टच ठेवतात. ते फार वाढवल्यास पाण्याचेच विघटन होऊ लागते.

छिद्रे भरली की वीज बंद करतात किंवा तिची दिशा उलटवतात. सुटलेले आयन थोड्या पाण्याबरोबर बाहेर काढतात आणि इलेक्ट्रोड पुन्हा कामाला लागतात. साठलेल्या विजेचा काही भाग परतही मिळवता येतो.

या पद्धतीवरचे आरंभीचे संशोधन १९६० च्या सुमारास अमेरिकेत झाले. भारतात आयआयटी मद्रासमधील प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने त्यावर काम केले आहे.

आरओ (उलट परासरण) पद्धतीत दाबाने पाणीच पडद्यातून ढकलावे लागते. इथे पाण्यातले क्षार तेवढे हलवायचे असतात. म्हणून क्षार जितके कमी, तितकी वीज कमी. साहजिकच ही पद्धत समुद्राच्या पाण्यापेक्षा मचूळ भूजलाला अधिक शोभते. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात नेमका मचूळ भूजलाचाच प्रश्न आहे. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात अनेक ठिकाणी भूजलात फ्लोराइड अधिक आढळते. पिण्याच्या पाण्यात त्याची भारतीय मानकाप्रमाणे मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम असून, दुसरा स्रोत नसेल तरच १.५ पर्यंत चालते. फ्लोराइडही भारित असल्याने तेथेही या पद्धतीला वाव आहे. मात्र इतर क्षारही छिद्रांतील त्याच जागेसाठी स्पर्धा करतात.

मर्यादाही लक्षात घ्यायला हव्यात. भार नसलेली अनेक कीटकनाशके यात निघत नाहीत आणि जंतूंसाठी वेगळे निर्जंतुकीकरण करावे लागते. सेंद्रिय मळाने छिद्रे बुजतात, धन इलेक्ट्रोडचा कार्बन हळूहळू झिजतो. बाहेर पडणारे क्षारयुक्त पाणी विहिरीजवळ सोडले, तर काढलेले क्षार पुन्हा भूजलातच मुरतात. म्हणून गावासाठी यंत्र निवडताना त्या पाण्याची सोय आधीच ठरवणे आवश्यक आहे.