न उघडलेली तिसरी टाकून द्यायची का?

शिजवल्यावर जी तिसरी उघडत नाही ती खायची नाही, हा नियम तुम्ही ऐकलाच असेल. जुन्नर-आंबेगावकडच्या आपल्यासारख्यांच्या ताटात तिसऱ्या येतात त्या बहुतेक वेळा माळशेज उतरून किनाऱ्यावर फिरायला गेल्यावर. रोजची सवय नाही, म्हणून नियम सांगितला की आपण तो निमूट पाळतो. पण संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी याच्याकडे जरा थांबून बघावं. यात दोन वेगळे प्रश्न एकात एक मिसळलेत: शिजवण्याआधी प्राणी जिवंत होता का, आणि शिजवताना त्याची शिंप उघडली का?

आधी शिंप उघडते कशी ते पाहू. दोन शिंपा जिथे जोडलेल्या असतात तिथे एक लवचीक बंध असतो. तो स्प्रिंगसारखा शिंपा सतत उघड्या करायला बघतो. आतले दोन स्नायू त्या ओढून मिटलेल्या ठेवतात. म्हणजे मिटून राहायला कष्ट लागतात, उघडायला नाही! म्हणूनच मेलेली तिसरी सहसा आ वासून पडते. उष्णतेने स्नायूतली प्रथिनं बदलतात, स्नायू शिंपेपासून सुटतो आणि बंध आपलं काम करतो. एखादीत स्नायू सुटलाच नाही, तर आतलं मांस शिजूनही शिंप मिटलेलीच राहते.

आता पुरावा. हा सल्ला इंग्रजीत पसरला तो १९७०च्या दशकातल्या जेन ग्रिगसन यांच्या मासळीवरच्या पुस्तकापासून, असं मानलं जातं. ऑस्ट्रेलियातले मत्स्यजीवशास्त्रज्ञ निक रुएलो यांनी तो तपासून पाहिला. त्यांनी घेतलेला प्राणी तिसरीच्या नात्यातला, मसल नावाचा. नेहमीच्या वेळेत शिजवूनही साधारण ११ टक्के मिटलेलेच राहिले; जबरदस्तीने उघडले तर आत नीट शिजलेले निघाले. थोडक्यात, ‘उघडणं’ हे निदर्शक ज्या गोष्टीसाठी वापरलं जातं, ती ते धड मोजतच नाही. मात्र हा निष्कर्ष मसलचा आहे. आपल्या तिसरीला तो जसाच्या तसा लावू नका, तपासा. सोपा प्रयोग आहे आणि शेवटी खाताही येतो.

आपल्याकडचं एकशिपी पाहिलं तर हा प्रश्नच उरत नाही. कोकणात तिसऱ्या कच्च्या असतानाच विळीवर उघडतात, मांस एका शिंपेत ठेवतात, दुसरी टाकून देतात आणि मग ओलं खोबरं, आमसूल घालून शिजवतात. प्रत्येक तिसरी हातातून, डोळ्यांखालून, नाकासमोरून जाते. माझ्या मते झाकण ठेवून वाफवण्यापेक्षा ही तपासणी कितीतरी चांगली.

खरी चाळणी शिजवण्याआधीची. उघडी तिसरी बोटाने टकटक करा. मिटली तर जिवंत, नाही मिटली तर फेका. फुटकी फेका. मिटलेली पण संशयास्पद जड लागली तर दोन्ही शिंपा आडव्या सरकवून बघा. सरकल्या तर आत बहुधा नुसता चिखल आहे, आणि अशी एक अख्खं कालवण कचकचीत करते. रेती काढायला नळाचं साधं पाणी चालत नाही. गोड्या पाण्यात त्या मिटून बसतात, पुढे मरतातही. एका लिटरला ३० ते ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण समुद्राइतकं खारट पाणी करा आणि पसरट भांड्यात दोन-तीन तास अंधारात ठेवा. खाली जाळी ठेवली तर टाकलेली रेती पुन्हा आत ओढली जात नाही.

घाट चढून घरी आणायच्या असतील तर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधू नका, गुदमरतात. ओल्या गोणपाटात गुंडाळा, बर्फ शेजारी ठेवा, पण वितळलेलं पाणी त्यांना लागू देऊ नका. कारण तेच, गोडं पाणी.

एवढं करूनही एक गोष्ट कळत नाही: प्राण्याने काय गाळलंय. शिंपले पाणी गाळून खातात आणि पाण्यातलं पुष्कळ काही अंगात साठवतात. १९९७ साली केरळात विझिंजमला मसल खाऊन सात जणांचा मृत्यू झाला. कारण होतं सूक्ष्म शैवालांपासून आलेलं विष. ते शिजवून जात नाही, वासावरून कळत नाही, आणि असा प्राणी जिवंतही असतो आणि छान उघडतोही! म्हणून समुद्राच्या पाण्याचा रंग बदललेला असताना, किंवा सांडपाण्याच्या नाल्यापाशी काढलेल्या तिसऱ्या घेऊ नका. तिथे टकटक उपयोगाची नाही.

हाच दोष अभ्यासकाला मात्र गुण वाटतो. अमेरिकेत १९८६ पासून किनाऱ्यांवरचं प्रदूषण मोजायला शिंपलेच वापरतात. आपल्या नद्यांतही गोड्या पाण्यातले शिंपले असतात, लॅमेलिडेन्स वगैरे. कांदा-टोमॅटोच्या रानांतून वाहत आलेलं पाणी ते गाळतात, त्यामुळे ते खायला मी सुचवणार नाही. त्यांची गंमत वेगळी आहे: त्यांची पिल्लं सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात. मासा नाही तर शिंपला नाही. कुकडीवर माणिकडोह आणि येडगाव, मीनेवर वडज, घोडवर डिंभे अशी धरणं असताना वर आणि खाली शिंपल्यांचं प्रमाण सारखं असेल का? रिकाम्या शिंपा मोजूनही सुरुवात करता येईल, जिवंत उचलायची गरज नाही. फक्त एक अडचण आधीच लिहून ठेवा: आवर्तन सुटलं की रिकाम्या शिंपा वाहून खाली जातात. तेव्हा खाली जास्त सापडल्या म्हणजे तिथे जास्त जगतात, असं लगेच म्हणता येणार नाही.