भाडं परवडेल, पण हीटिंगचं बिल?

मास्टर्ससाठी इंग्लंडला निघालात आणि मित्रांसोबत फ्लॅट शोधताय? नुसते फोटो आणि भाडं बघून हो म्हणू नका. आधी त्याचं ‘ईपीसी’, म्हणजे एनर्जी परफॉर्मन्स सर्टिफिकेट बघा. आपल्याकडे फ्रिज-एसीला स्टार असतात, तशी तिथे अख्ख्या घराला ए ते जी अशी श्रेणी मिळते. ‘ए’ घर कमी खर्चात उबदार राहतं. ‘जी’मध्ये हीटर चालू आणि खिसा रिकामा! घर विकताना किंवा भाड्याने देताना हे सर्टिफिकेट लागतं. ते १० वर्षं चालतं. २०२० पासून, काही अपवाद सोडले तर, ‘ई’च्या खालचं घर भाड्याने देताच येत नाही. सरकारी वेबसाइटवर पोस्टकोड टाका, सर्टिफिकेट फुकटात दिसेल. हीटिंग भाड्यात धरलेलं नसेल, तर सही करण्याआधी एवढं कराच.