वर्तणूक : चांगली

चेन्नईहून बंगळूरच्या महामार्गाला लागलं आणि पूनमल्ली मागे टाकली, की श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै येतं. कांचीपुरम जिल्ह्यातलं हे गाव मराठी वाचकाला नावाने ठाऊक नसेल, पण इथे तयार झालेली एखादी गाडी त्याच्या गल्लीत नक्की उभी असेल. १९९८ साली ह्युंदाईची पहिली सँट्रो इथल्याच कारखान्यातून बाहेर पडली. त्याच्याही आधीपासून, १९९० पासून, इथे मोटार शर्यतींचा ट्रॅक आहे. पहिला कोण आणि दुसरा कोण, हे तिथे सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठरतं. कारखान्यातही तोच खाक्या. दाराची फट किती, रंगाचा थर किती जाड, सगळं मोजूनमापून.

वाहन उद्योगातल्या नोकरीला बदली चुकत नाही. चाकण, तळेगाव, श्रीपेरुंबुदूर ही त्यातली ओळखीची नावं. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ मध्ये केला आणि मावळ व इरुंगाट्टुकोट्टै एकाच कंपनीच्या नकाशावर आले. आई-बाबांची बदली झाली की पोराचा शाळा सोडल्याचा दाखला काढायचा. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, मातृभाषा, अभ्यासातली प्रगती, शाळा सोडण्याचं कारण, आणि मधेच एक रकाना: वर्तणूक. त्यात लिहिलेलं असतं ‘चांगली’. तामिळनाडूच्या दाखल्यातही चारित्र्य आणि वर्तनाचा रकाना आहे आणि तिथेही ‘गुड’च. बेंच मोडणाऱ्याची वर्तणूक चांगली, आणि मोडलेला बेंच सुतळीने आवळून वर्षभर त्यावर निमूट बसणाऱ्याचीही चांगली. दाराची फट मोजणाऱ्या माणसांच्या मुलांबद्दल शाळेने दहा वर्षांनी सांगायचं ते एवढंच.

अर्थात त्यात शाळेचं शहाणपणही आहे. दाखल्यावर वाईट शेरा मारला तर पुढची शाळा दारात उभं करणार नाही. तेव्हा दाखला सोडून देऊ. पण वर्षभर मुलांना जवळून पाहिलेल्या माणसांनी जे पाहिलं, ते सांगायची जागा दुसरीकडे तरी हवी. ती असते वर्ष सरताना होणाऱ्या समारंभात. महाराष्ट्रात डिसेंबर ते फेब्रुवारीत गॅदरिंग आणि बक्षीस समारंभ उरकतो, १ मेला निकाल लागतो. तामिळनाडूत शालेय वर्ष सरत आलं की ‘आंडु विळा’, म्हणजे वार्षिकोत्सव असतो. समई पेटते, सुरुवातीला ‘तमिळ ताय वाळ्त्तु’ आणि शेवटी राष्ट्रगीत, पाहुण्यांच्या खांद्यावर जरीची ‘पोन्नाडै’. आपल्याकडे शाल आणि श्रीफळ. बाकी मांडव तोच, ध्वनिक्षेपकाची कुरकुर तीच आणि भाषण लांबवणारा पाहुणाही तोच.

बक्षिसांच्या टेबलावर स्टीलचे डबे, ट्रॉफ्या, प्लॅस्टिकच्या आवरणातली प्रमाणपत्रं. पहिला, दुसरा, तिसरा. धावणे, गोळाफेक, निबंध. आणि शेवटून दुसरं ‘आदर्श विद्यार्थी’. नाव पुकारलं जातं आणि सभागृहात कोणालाच आश्चर्य वाटत नाही, कारण नऊ वेळा तोच मुलगा, नाहीतर तीच मुलगी मंचावर येऊन गेलेली असते. गणितात पहिली आली म्हणून ती आदर्श, हा हिशेब आपण इतका अंगवळणी पाडून घेतलाय की तो चुकीचा आहे हे सांगणाराच विक्षिप्त ठरतो. चारित्र्याचं बक्षीस गुणांच्या बक्षिसाचं शेपूट झालं आहे.

मद्रासमध्येच याहून निराळं घडलेलं आहे, आणि तेही एका मराठी मुलाच्या बाबतीत. टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमला तंजावरी मराठी घरात जन्मले. १८४१ साली मद्रासला सरकारी हायस्कूल सुरू झालं. त्याचे मुख्याध्यापक होते एअर बर्टन पॉवेल, मूळचे गणिताचे. माधवराव त्यांच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी. बांबूच्या नळकांड्यात भिंगं बसवून या मुलाने दुर्बीण आणि सूक्ष्मदर्शक तयार केल्याचं त्याच्या चरित्रकारांनी नोंदवलंय. १८४६ मध्ये त्याला ‘प्रोफिशियंट’ ही पदवी सन्मानाने मिळाली. पण मला पदवीपेक्षा पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. पॉवेल नसताना गणिताचे वर्ग घ्यायचं काम त्यांनी याच तरुणाकडे सोपवलं. कौतुक म्हणून जबाबदारी दिली. पुढे १८४९ मध्ये माधवराव त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले, मग तिथले दिवाण, नंतर इंदूर आणि बडोद्याचेही. त्यांनी चालवलेला कारभार हेच पॉवेल यांच्या शिक्षकीचं मोठं प्रमाणपत्र. ते हायस्कूल वाढत जाऊन प्रेसिडेन्सी कॉलेज झालं.

बक्षिसांविषयी आणखी एक जाणता माणूस या शहरात राहून गेला. मारिया माँटेसोरी १९३९ मध्ये अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून आल्या, महायुद्धात अडकल्या आणि १९४६ पर्यंत भारतात राहिल्या. त्यांच्या शिक्षणपद्धतीवरच्या पुस्तकात रोममधल्या बालगृहातला एक प्रसंग आहे. एका हुशार मुलाला पांढऱ्या फितीत चांदीचा क्रॉस बक्षीस म्हणून गळ्यात घातला होता. दुसऱ्याला शिक्षा म्हणून एकट्याला खुर्चीत बसवलं होतं. बक्षीसवाला आपल्या कामात इतका गर्क की क्रॉस खाली पडला तरी त्याला पत्ता नाही. शिक्षावाल्याने तो उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, तुझं काय पडलं कळलं का? पहिल्याला त्याचं काही नव्हतं. मग मी घालू? घाल की. आणि तो चांदीचा क्रॉस छातीवर मिरवत शिक्षा झालेला मुलगा खुर्चीत मजेत बसून राहिला. माँटेसोरींनी बक्षीस आणि शिक्षा दोन्ही सोडून दिली. आपल्याकडे त्यांच्या विचारांना मातीत रुजवणाऱ्या ताराबाई मोडकांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांबरोबर अनुताई वाघांच्या साथीने जे काम केलं, त्याचाही भर ट्रॉफीवर कधी नव्हता.

ही निव्वळ मायाळू समजूत आहे, असं कोणी म्हणेल. पण १९७३ मध्ये अमेरिकेत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला आधीच आवडत होतं. काहींना सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी तारा आणि लाल फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता अखेरीस दिलं. काहींना काहीच नाही. काही दिवसांनी पेनं पुन्हा मांडली, तेव्हा आधी आमिष दाखवलेली मुलं इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्र काढत बसली. अनपेक्षित प्रमाणपत्र मिळालेल्यांची गोडी मात्र शाबूत होती. आपल्या शाळांनी यातून घेण्यासारखं इतकंच की ‘यंदा सर्वात प्रामाणिक विद्यार्थ्याला ढाल’ अशी जूनमध्येच सूचना लावू नये. वर्ष सरताना, ध्यानीमनी नसताना, जे दिसलं ते सांगावं.

प्रामाणिकपणाची ढाल कोणाला द्यायची, हाही सोपा प्रश्न नाही. ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी १९२८ ते १९३० या काळात तीन खंड प्रसिद्ध केले. दहा हजारांवर मुलांना त्यांनी परीक्षेत, खेळात, पैशांच्या व्यवहारात लबाडीची संधी देऊन पाहिली. बहुतेक मुलं इथे सरळ, तिथे वाकडी निघाली. उत्तरं चोरून पाहणारा सापडलेले पैसे परत करू शकतो. म्हणजे ‘हा प्रामाणिक मुलगा’ असा शिक्का मारण्यापेक्षा, अमुक दिवशी अमुक ठिकाणी त्याने काय केलं ते सांगणं जास्त खरं. ‘सहलीत उलटी झालेल्या मुलीची पिशवी शेवटपर्यंत हिने धरली’ या वाक्याला कोणत्याही विशेषणाची गरज पडत नाही.

महाराष्ट्रातल्या शिक्षकांना हे लिहायची सोय कागदोपत्री आहे. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि त्याबरोबर वर्णनात्मक नोंदी: विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना उत्तम. पण चाळीस-पन्नास मुलं, सारे विषय, दोन सत्रं, वर निवडणुकीचं आणि सर्वेक्षणाचं काम! मग तयार वाक्यांच्या याद्या फिरू लागल्या. ‘गटकार्यात उत्साहाने सहभाग घेतो.’ ‘शाळेत नियमित येतो.’ ‘स्वच्छतेची आवड आहे.’ अ पासून ज्ञ पर्यंत नावं बदलत जायची, वाक्यं तीच. शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. एका माणसाला इतकं लिहायला लावलं की तो नक्कलच करणार. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातलं समग्र प्रगतिपत्रक मुलाला स्वतःबद्दल आणि सोबत्याबद्दलही लिहायला सांगतं. सोबत्यांची नजर शिक्षकाहून तीक्ष्ण असते, हे खरंच. पण त्याचीही तयार वाक्यं बाजारात यायला वेळ लागणार नाही. उपाय एकच: वाक्य कमी, पण पाहून लिहिलेलं. वर्षातून एका मुलाबद्दल एकच.

आता शिक्षकांकडे. सर्वपल्ली राधाकृष्णन जन्मले तिरुत्तणीला, शिकले मद्रास ख्रिश्चन कॉलेजात, आणि १९०९ पासून शिकवत होते त्याच प्रेसिडेन्सी कॉलेजात. १९२१ मध्ये ते म्हैसूरहून कलकत्त्याला निघाले तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांची फुलांनी सजवलेली गाडी घोडे सोडून स्वतः ओढत स्टेशनवर नेली. त्यासाठी कोणी प्रस्ताव मागवला नव्हता. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ ला सुरू झाले, १९६२ पासून ५ सप्टेंबर शिक्षक दिन झाला. तामिळनाडूचा राज्य पुरस्कार राधाकृष्णन यांच्याच नावाने, महाराष्ट्राचा सावित्रीबाई फुले यांच्या. २०१८ पासून राष्ट्रीय पुरस्कारासाठी शिक्षकाने स्वतःच ऑनलाइन अर्ज करायचा. पारदर्शकतेसाठी ठीक, पण मग कात्रणं, फोटो, प्रमाणपत्रांची जाडजूड फाईल सजवणारा पुढे आणि तिसरीतल्या तोतऱ्या मुलाला वर्षभर धीर देणारा मागे, असं होणारच. त्या धीराचं कात्रण कुठून आणणार?

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. रक्कम दहा लाख डॉलर. त्यातली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या नऊ शिक्षकांना वाटली. पुस्तकांवरच्या क्यूआर कोडचं त्यांचं काम मोठं आहेच, पण शिक्षकांच्या खोलीत जास्त बोललं गेलं ते त्या वाटणीबद्दल. एकट्याच्या गळ्यात हार घालणाऱ्या प्रथेला बसलेला तो सणसणीत टोला होता.

आणि ज्यांचा प्रस्तावच कोणी करत नाही, त्यांचं काय? कामराजांनी १९५० च्या दशकात मद्रास राज्यात शाळेतलं दुपारचं जेवण सर्वदूर नेलं, १९८२ मध्ये एमजीआर यांनी त्याचा विस्तार केला. २०२२ मध्ये तामिळनाडूने सरकारी शाळांत सकाळचा नाश्ताही सुरू केला. हे अन्न कोणीतरी पहाटे उठून शिजवतं. आपल्याकडे पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, घंटा देणारे शिपाईमामा, पावसात बस थांबवून मागच्या मुलाची वाट पाहणारे ड्रायव्हरकाका. कोणतं मूल डबा न खाता परत नेतं, हे वर्गशिक्षकाच्या आधी ताईंना कळतं. बक्षीस समारंभात मात्र त्या मंडपामागे चहाच्या पातेल्याशी असतात. ‘शिक्षकेतर कर्मचारी’ हा शब्द आभारप्रदर्शनाच्या शेवटच्या वाक्यात, तोही घाईत.

तेव्हा पालकांना एक विनंती. तुमचं मूल इरुंगाट्टुकोट्टैजवळ शिकत असो वा इचलकरंजीला, वर्ष संपायच्या आत वर्गशिक्षकांना भेटून विचारा, गुणपत्रिकेत नसलेली एक गोष्ट सांगा, यंदा याने काय केलं? आणि एक चिठ्ठी लिहा. ताईंना, मामांना, काकांना, ज्यांनी तुमच्या मुलासाठी काही केलं त्यांना. नाव घालून, काय केलं ते एका ओळीत लिहून, मुख्याध्यापकांच्या हातात द्या आणि सगळ्या मुलांसमोर वाचायला सांगा. खर्च काही नाही. मात्र शाळा सुरू असतानाच द्या; महाराष्ट्रात असाल तर ३० एप्रिलच्या आत. इथे १ मेला निकाल लागतो आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेला कुलूप असतं.